पुस्तकांवाचून चौथी

नॉर्मल स्कूलची, म्हणजे मास्तर होण्यासाठीची, परीक्षा पास झाल्यावर मला पहिली नेमणूक मिळाली ती इतवारीच्या पलीकडे, कोष्ट्यांच्या वस्तीतल्या एका प्राथमिक शाळेत. मी काटोलकडची. नागपुरात मामांकडे महाल भागात राहत होते. सकाळी धान्यबाजारातून हातगाड्या चुकवत जायचं, भांड्यांच्या गल्लीतून वळायचं, आणि मग मागांची खटखट ऐकू आली की शाळा जवळ आली. शाळा म्हणजे एका ओळीत चार खोल्या. वर कौलं, खाली बसायला टाटपट्ट्या. माझ्याकडे चौथी होती.

ही गोष्ट नागपूरची राजधानी गेली त्याच्या पुढच्या जूनमधली. जुनी वाचनमाला बंद झाली होती आणि नवी यायची होती. जुनं शिकवू नका, एवढं सांगणारा कागद शाळेत आला, पण नवी पुस्तकं आली नाहीत. आमचे हेडमास्तर पन्नाशीचे, भले गृहस्थ, कागदाला मात्र फार भिणारे. पुस्तकं येईतो काय शिकवू, असं मी विचारलं तर ते म्हणाले, पाढे घ्या, तोंडी हिशेब घ्या, शुद्धलेखन घाला. शुद्धलेखन कशातून घालू हे त्यांनाही सांगता आलं नाही.

दोन आठवडे पाढ्यांवर निभावले. मग पोरंही कंटाळली आणि मीही. एके दिवशी मी वर्गाला सांगितलं की घरी छापलेला कोणताही कागद असेल तो उद्या घेऊन या. मला वाटलं होतं, चारदोन कागद येतील. दुसऱ्या दिवशी पोरांनी ढीग आणला. जिऱ्याच्या पुडीचा कागद, गेल्या सालच्या पंचांगाची पानं, टांग्यातून वाटतात त्या सिनेमाच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, शक्तिवर्धक औषधाच्या बाटलीवरचं माहितीपत्रक, संत्र्याच्या झाडावरच्या किडीबद्दलचं एका मासिकाचं फाटकं पान. एका मुलाने दारावर चिकटवलेली कमेटीची जुनी सूचना भिंतीच्या चुन्यासकट खरवडून आणली होती. कॉलऱ्याच्या साथीत काय करावं आणि काय करू नये, हे तिच्यात होतं. आमच्याकडे नगरपालिकेला सगळे कमेटीच म्हणत.

मी खळ करून ते सगळे कागद पुठ्ठ्यांवर चिकटवले आणि पुठ्ठे भिंतीला टांगले. तेच आमचं पुस्तक झालं. रोज एक पुठ्ठा काढायचा, सगळ्यांनी वाचायचा, अडलेला शब्द विचारायचा, आणि मग त्यावरून आपल्या मनाने काहीतरी लिहायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी पुठ्ठा जसाच्या तसा उतरवून काढला. पंचांगावरून लिहा म्हटलं तर पंचांगच लिहून आणलं. मला नॉर्मल स्कूलमध्ये शिकवलं होतं की नक्कल म्हणजे चोरी, आणि ती पहिल्या दिवशीच मोडून काढावी. शेजारच्या तिसरीच्या बाई वीस वर्षं शिकवत होत्या. त्यांनीही हेच सांगितलं. पण नक्कल करू नका म्हटल्यावर अर्धा वर्ग नुसता पाटीकडे पाहत बसला. त्यांच्याकडे बोलायला भरपूर होतं. लिहिताना वाक्य कसं सुरू करावं हेच त्यांना कळत नव्हतं. मग मी नियम बदलला. कागदातलं वाक्य घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण त्याच्याखाली रेघ ओढा. रेघ असेल ते कागदाचं, रेघ नसेल ते तुमचं. ज्याच्या लिहिण्यात रेघेवाचून एकही ओळ नसेल, त्याने आणखी दोन ओळी लिहायच्या.

हा नियम पोरांना आवडला. नुसत्या रेघा ओढायलाही आवडल्या. हळूहळू ज्याला कागदातलं जे हवं ते तो उचलू लागला. औषधाच्या माहितीपत्रकावर एका मुलाचा फार जीव होता. त्याने वडिलांवर लिहिलं, तेव्हा वाक्य असं झालं: ‘माझे वडील अशक्तपणा, मंदाग्नी व निरुत्साह यांवर गुणकारी आहेत.’ फक्त ‘माझे वडील’ या शब्दांखाली रेघ नव्हती. मी त्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, बाबा घरी असले की आईला बरं वाटतं. मी ते वाक्य खोडलं नाही. दुसऱ्या एकाने सिनेमाच्या जाहिरातीवरून धाकट्या भावाच्या रडण्यावर लिहिलं: दररोज तीन खेळ, रविवारी चार. एका मुलीच्या घरची बकरी व्याली, तर तिने लग्नपत्रिका समोर ठेवून लिहिलं की आमचे येथे श्रीकृपेकरून बकरीला दोन पिल्लं झाली, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन पाहावी.

मी या वह्या मामींना वाचून दाखवायची. मामी हसायच्या आणि मग विचारायच्या, की हे असं शिकवलेलं चालतं का. मला ठाऊक नव्हतं.

वर्गात एक मुलगी होती, सगळ्यांत उंच. तिला शाळेत उशिरा घातलं होतं. वडिलांचे घरी दोन माग होते. सकाळी कांड्या भरून, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळून, ती शाळेला यायची, त्यामुळे बोटांना कधी लाल, कधी जांभळा रंग लागलेला असायचा. बोलायची कमी, पण अक्षर असं की मीही तसं काढू शकत नव्हते. तिला कमेटीच्या सूचनेचा पुठ्ठा आवडायचा. बाकीच्यांना तो रुक्ष वाटायचा. ती मात्र पुन्हा पुन्हा तोच मागायची. एकदा तिने वर्गासाठी सूचना लिहिली: ‘तमाम मुलांस कळविण्यात येते की खडूचे तुकडे खाऊ नयेत. खाताना आढळल्यास इलाज करण्यात येईल.’ मी ती दाराजवळ लावली आणि खडू खाणारे दोघे खरोखर थांबले. या कागदात तुला काय आवडतं, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, याच्यात एकदाच सांगितलं तरी साऱ्यांले सांगणं होते.

पोळा झाला आणि पावसाने पुन्हा जोर धरला. त्या दिवसांत तिच्या गल्लीतला एक विणकर ओकाऱ्या आणि हगवणीने पडला. त्याला खाटेवर घालून इस्पितळात नेलं. तो हैजा, म्हणजे कॉलरा, होता की नाही हे कोणी नक्की सांगितलं नाही, पण गल्लीत सगळे तोच शब्द बोलत होते. गल्लीची विहीर एकच. तिचं पाणी गढूळ झालं होतं आणि आजाऱ्याचे कपडे तिच्याच ओट्यावर धुतले जात होते.

त्यानंतर एकदोन दिवसांनी त्या गल्लीची पोरं उशिरा येऊ लागली. कारण विचारलं तर म्हणाली, घरी पाणी उकळणं चालू आहे, चूल रिकामी नाही, भाकरी उशिरा झाली. विहिरीवर कमेटीची सूचना लागली आहे. मला बरं वाटलं. मधल्या सुट्टीत मी सहज तिकडे गेले.

विहिरीच्या खांबावर एक मोठा कागद लावला होता. सिनेमाच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर, बोरूने, काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘जाहीर सूचना. तमाम रहिवाशांस कळविण्यात येते की सदर विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. आजारी माणसाचे कपडे विहिरीच्या ओट्यावर धुऊ नयेत. सुताला खळ लावून झाल्यावर हात धुतल्याशिवाय घागर बुडवू नये. ज्यांच्या घरी जळतण नाही त्यांनी शेजारच्या चुलीवर उकळून घ्यावे व शेजाऱ्याने नाही म्हणू नये. हुकमावरून.’

अक्षर मी लगेच ओळखलं. शिवाय काही शब्दांखाली नीट आखलेल्या रेघा होत्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं होतं की महत्त्वाच्या शब्दांवर सरकारने जोर दिला आहे. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना थोडं वाचता यायचं, ते पाण्याला आलेल्या बायकांना प्रत्येक रेघेवर बोट ठेवून तसं समजावूनही सांगत होते.

मी परत आले आणि मुलीला बाजूला घेतलं. तिने काही लपवलं नाही. वडिलांना सांगितलं होतं का, असं विचारलं तर नाही म्हणाली. तिने आधी घरोघरी तोंडी सांगून पाहिलं होतं. बायकांनी ऐकून घेतलं आणि घागरी तशाच भरल्या. म्हणून रात्रीचं जेवण झाल्यावर कागद लिहिला आणि सकाळी पाण्याला जाताना लावला. मी तो काढायला सांगितला नाही. पाणी वाईट होतं हे मी डोळ्यांनी पाहून आले होते. शाळा सुटल्यावर मात्र मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले. कमेटीच्या नावाने हुकूम काढणं म्हणजे काय होतं हे तुम्हाला समजतं का बाई, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आणि उद्या सकाळी स्वतः जाऊन कागद काढतो म्हणाले.

ती वेळ आली नाही. त्याच दुपारी त्या गल्लीचे पंच कमेटीच्या कचेरीत जाऊन आले होते. पंच म्हणजे वस्तीतले एक मानाचे विणकर, साठीच्या पुढचे. भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे जात. त्यांनी सूचना कोणाकडून तरी वाचून घेतली होती आणि त्यांना राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. कमेटी हुकूम काढते, मग विहिरीत औषध का टाकत नाही, हे विचारायला ते टोपी घालून कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी कागद शोधले आणि सांगितलं की असा हुकूम कोणी काढलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर कमेटीच्या आरोग्य खात्याचे साहेब आले. मध्यम वयाचे, सायकलवर आलेले, विजार चिखलाने भरलेली. त्यांच्याबरोबर पंच होते, आणि मुलीचे वडीलही. वडिलांनी खांबावरून काढलेला कागद घडी करून हातात धरला होता. गल्लीत ते अक्षर कोणाचं हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं; शाळेत जाणाऱ्या पोरांनीच सांगितलं होतं.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो, बसले होते फक्त साहेब. मुलीला बोलावलं. साहेबांनी कागद टेबलावर पसरला आणि विचारलं, हे तू लिहिलंस का. ती हो म्हणाली.

“मग हे शेवटी हुकमावरून लिहिलंय, ते कोणाच्या हुकमावरून?”

ती म्हणाली, “मले माहीत नाही. तुमच्या कागदावर बी नाव नव्हतं.”

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. ती उर्मटपणे बोलली नव्हती. तिला विचारलं, तेवढंच तिने सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात जाऊन जुन्या सूचनेचा पुठ्ठा आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि रेघांचा नियम सांगितला. ‘जाहीर सूचना’, ‘तमाम रहिवाशांस कळविण्यात येते’, ‘उकळल्याशिवाय पिऊ नये’, ‘हुकमावरून’ या सगळ्यांखाली रेघ होती. हे आपलं नाही, कागदातून घेतलं आहे, असं मुलीने नियमाप्रमाणे दाखवलं होतं, एवढंच मी म्हणाले. तो नियम विहिरीवर कोणाला ठाऊक नव्हता, हेही मी सांगितलं.

साहेबांनी बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग रेघ नसलेल्या ओळीवर बोट ठेवून मुलीला विचारलं, “जळतण नाही त्यांनी शेजारच्या चुलीवर उकळावं, हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. आमच्या बाजूच्या बुढीकडे जळतण नाही. ते तसंच पाणी पिऊन राहिली होती.”

तेवढ्यात पंच बोलले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “साहेब, मी कचेरीत हात जोडून विचारून राहिलो होतो, औषध काहून टाकत नाही म्हणून. सारे बाबू हसले. या पोरीच्या कागदापायी हसले.”

तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा घाबरली. साहेब तिला काही करतील याची भीती तिला तोवर वाटली नसावी. पंचांना कोणी हसलं, हे मात्र तिला सहन झालं नाही. ती रडायला लागली आणि वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ते मला म्हणाले, “बाई, पोरीले लिहाले शिकवा, त्याले आमची ना नाही. पण सरकारच्या नावानं नोका शिकवू.” मी हो म्हटलं.

त्या दिवशी दुपारी कमेटीचा माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला. पाणी दोन दिवस गुलाबी दिसत होतं आणि बायका ते भरायला तयार नव्हत्या. साहेबांनी मुलीवर काही कारवाई केली नाही. मला मात्र लेखी ताकीद आली: वर्गात मान्य पुस्तकांखेरीज अन्य मजकूर वापरू नये व विद्यार्थ्यांकडून सरकारी लिखाणाची नक्कल करवून घेऊ नये. हेडमास्तरांनी ती माझ्या हातात देताना नजर चुकवली. मी सही केली. भिंतीवरचे पुठ्ठे उतरवले आणि ज्याचा त्याला परत दिला. औषधवाला मुलगा म्हणाला, माझं पाठ आहे, ठेवा तुमच्याकडे.

संध्याकाळी वडील मुलीला घेऊन पंचांच्या घरी गेले. तिथे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभं राहून मला सांगितलं. मुलगी पाया पडली. पंचांनी माग थांबवला. मग तिला म्हणाले, “तुले लिहाचंच होतं तर मले सांगतलं असतं. माझ्या नावानं लावला असता कागद.” आणि त्यांनी तिच्याकडून नवा कागद लिहवून घेतला. तोच मजकूर, शेवटी त्यांचं स्वतःचं नाव. तो कागद विहिरीवर लागला. वडिलांना याचं समाधान झालेलं दिसत होतं. ते सांगताना दोनदा म्हणाले की पंचांनी स्वतः खांबावर लावला.

लोकांनी पंचांचं ऐकलं का, तर काहींनी ऐकलं. काही घरांत दिवाळीपर्यंत पाणी उकळत होतं, काहींत औषध पडल्याबरोबर बंद झालं. शेजारच्या म्हातारीची घागर मुलीची आई आपल्या चुलीवर ठेवायची, ते मात्र चालू राहिलं. इस्पितळातला विणकर महिन्याभराने घरी आला, हडकलेला, पण जिवंत. गल्लीत आणखी कोणी आजारी पडलं नाही. ते उकळलेल्या पाण्यामुळे, औषधामुळे की पाऊस ओसरल्यामुळे, हे मी कधीच ठामपणे सांगू शकले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नवी पुस्तकं आली. गुळगुळीत कागद, नव्या शाईचा वास. पोरं पहिले दोन दिवस पुस्तकं उघडायची आणि नुसती हुंगायची. मीही मान्य पुस्तकाप्रमाणे शिकवायला लागले. संत्र्यावरचा धडा झाल्यावर निबंध घातला आणि वह्या घेऊन घरी गेले, तर जवळपास सगळे निबंध पुस्तकातल्या एकाच वाक्याने सुरू झाले होते. पण सवयीने बहुतेकांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली होती, आणि चारपाच ओळींनंतर रेघा संपून त्यांची स्वतःची संत्री सुरू झाली होती: बाजारात फुटक्या पेटीतून रस्त्यावर सांडलेली, आजारी भावासाठी आणलेली, ज्यांच्या सालीचा रस शेजारच्या पोराच्या डोळ्यांत उडवला ती. ताकीद सरकारी लिखाणाबद्दल होती. रेघांबद्दल तिच्यात काही म्हटलेलं नव्हतं, म्हणून तो नियम मी चालू ठेवला. तिसरीच्या बाईंनी पुढच्या वर्षी तो आपल्या वर्गात घेतला. मला विचारलं नाही, पण त्यांच्या वर्गातल्या वह्या मी पाहिल्या.

ती मुलगी चौथी पास झाली. एप्रिलमध्ये वडील विचारायला आले की पाचवीची शाळा किती लांब आहे आणि वाटेत मोठे रस्ते किती लागतात. मी त्यांच्याबरोबर चालत जाऊन शाळा दाखवली. त्यांनी तिला सातवीपर्यंत शिकवलं. तेव्हा त्या गल्लीतली एकही मुलगी तेवढी शिकलेली नव्हती. पुढे तिचं लग्न होऊन ती उमरेडला गेली.

माझीही बदली झाली, दोनदा. बऱ्याच वर्षांनी इतवारीत, कापडाच्या दुकानासमोर, तिनेच मला हाक मारली. नवऱ्याबरोबर लुगडी घेऊन व्यापाऱ्याकडे आली होती. अंगाने भरली होती, पण उंची तीच. आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला. तिला दोन मुलं होती, थोरला पहिलीत. वडील थकले होते, माग आता भाऊ चालवत होता. पंच वारले, हे तिने सांगितलं, आणि त्यांच्या तेराव्याला आपण उमरेडहून आलो होतो, हेही. मग व्यापाऱ्याने आतून आवाज दिला तशी ती उठली, लुगड्यांचं गाठोडं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि भाव ठरवायला स्वतः आत गेली.